तीन अंजिरं

“बापूसाहेब, तिचं दप्तर बघा,” मी म्हणाले.

ओरडून नाही म्हणाले. ओरडायची छाती कुठली? पण फाटकापाशी उभ्या असलेल्या सगळ्या बायकांनी माना वळवल्या. माझे वडील त्या वेळी एका म्हातारीचा झाडा घेत होते. तिनं पदर झटकून दाखवला होता आणि आता डोक्यावरची चुंबळ उलगडत होती. ती चुंबळ हातात धरून तशीच थांबली. वडिलांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की ही कुणाची पोर, असं त्यांना झालं असावं.

“कुणाचं दप्तर?” बापूसाहेब म्हणाले.

मी बोट दाखवलं. बाभळीच्या खुंटीला द्वारकाचं दप्तर लटकत होतं. जुन्या धोतराचं शिवलेलं, निळीत बुडवलेलं.

आमच्या वाघदऱ्यात बापूसाहेब रणनवऱ्यांची नऊ एकर अंजिराची बाग होती आणि वडील तिथं मुकादम होते. फेब्रुवारी उजाडला की तोडणी लागायची. बायका झुंजूमुंजूला बागेत शिरायच्या, बोटांना चिंध्या गुंडाळून. अंजिराचा चीक कातडीला लागला आणि वर ऊन पडलं की भाजल्यासारखे फोड येतात. माल सगळा पुण्याला जायचा. तोडणाऱ्या बाईनं एक फळ तोंडात टाकायचं नाही, घरी न्यायचं नाही. म्हणून सुटताना प्रत्येकीचा झाडा व्हायचा. पदर, ओटी, भाकरीचं फडकं, सगळं झटकून दाखवायचं आणि मग फाटकाबाहेर.

द्वारकाही तिच्या आईबरोबर, सोनाबाईबरोबर, तोडणीला यायची. तिथूनच पाय धुऊन परस्पर शाळेत जायची. तिचा पदर वडील बघायचे. दप्तर कधी बघितलं नाही. दप्तराला चुकून पाय लागला तर हात लावून कपाळाला टेकवणारी माणसं आम्ही. विद्येचा झाडा घ्यायचा, हे वडिलांच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं.

माझ्या डोक्यात आलं.

का आलं तेही सांगून टाकते, उगाच आढेवेढे नकोत. त्या वर्षी मॅट्रिकला गावात दोनच मुली होत्या, मी आणि द्वारका. बापूसाहेबांनी आपल्या आईच्या नावानं जाहीर केलं होतं की गावातली एक मुलगी ते पुण्याच्या कॉलेजात पाठवतील, वसतिगृहापासून वह्यांपर्यंत सगळं त्यांच्याकडं. कुणाला पाठवायचं ते इंग्रजीच्या मोकाशी सरांनी शिफारसपत्रात लिहायचं आणि बापूसाहेबांनी खाली सही करायची. गेले तर पुणे. नाही गेले तर वैशाखात माझं लग्न. नवरा बघून ठेवला होता, बिजवर, माझ्याहून चौदा वर्षांनी मोठा. आणि इंग्रजीत द्वारका माझ्या पुढं होती. थोडीथोडकी नाही, चांगली हातभर पुढं. मी रात्रंदिवस घोकायची, ती सकाळी अंजिरं तोडून यायची आणि तरी सर तिचाच निबंध वर्गात वाचून दाखवायचे. जळफळाट व्हायचा माझा. तिचा आवाज कानावर पडला तरी अंगाची लाही व्हायची.

“आण गं तुझं दप्तर,” बापूसाहेब म्हणाले.

द्वारकानं ते खुंटीवरून काढलं. जराही घाई न करता, ते मला तेव्हाही खटकलं. बापूसाहेबांनी आत हात घातला. वही, कंपासपेटी, आणखी एक वही, आणि तळाशी अंजिराच्या पानाची पुडी. त्यांनी ती सगळ्यांना दिसेल अशी तळहातावर उलगडली. आत तीन अंजिरं, जांभळी, देठापाशी मऊ झालेली. निवडून घेतलेली.

“अरे वा,” बापूसाहेब म्हणाले.

बापूसाहेब कधी चिडायचे नाहीत. चिडले असते तर परवडलं असतं. ते हसायचे. आवाज खाली आणायचे, लहान मुलाशी बोलावं तसं बोलायचे.

“कुणासाठी गं ही?”

“माझ्यासाठी.”

“रोज न्हेतीस?”

द्वारका पुडीकडं बघत राहिली.

“आगं, बोल की. मी काय खातोय का तुला? रोज?”

“व्हय.”

“आणि एकटीच खातीस? आईला एक देत न्हाईस?”

बायका हसल्या. त्यांना हसू आलं म्हणून नव्हे, बापूसाहेबांनी त्यांच्याकडं पाहिलं म्हणून. सोनाबाई मात्र पुढं धावली आणि द्वारकाच्या पाठीत दोन धपाटे घातले. मग बापूसाहेबांच्या पायांवर पडली. “मालक, चुकलं. पोर हाय. म्या तिला आज घरी गेल्यावर सोलून काढते.”

“ऊठ, ऊठ सोना. असं मारू नये पोरीला. शिकलेली पोर. तिला अंजिरं आवडत्यात, तर खाऊ दे की पोटभर. दगडू, तोड रे.”

दगडू म्हणजे माझे वडील. ते जवळच्या झाडापाशी गेले आणि एक पिकलेलं फळ तोडलं.

“ते नव्हं. हिरवी तोड.”

वडिलांचा हात फांदीवर थांबला. “मालक, हिरव्यात चीक आसतुया. तोंड सोलून निघंल तिचं.”

“दगडू, चार हप्ते तुझ्या डोळ्यांदेखत माल गेला. तुझं काय करायचं ते मी अजून ठरवलं न्हाई. तोड.”

वडिलांनी तोडली. देठातून पांढरा चीक त्यांच्या मनगटापर्यंत ओघळला. त्यांनी पहिलं फळ द्वारकाच्या हातात दिलं आणि नजर जमिनीकडं वळवली. तिनं ते तोंडात घातलं. हिरवं अंजीर चावलं की चीक जिभेवर आणि ओठांच्या कडांना चिकटतो, थुंकून जात नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण तोंडातून आवाज नाही.

“मोजा गं बायांनो,” बापूसाहेब म्हणाले. “माल मोजल्याबिगर जात न्हाई आपल्याकडनं.”

“एक,” बायका म्हणाल्या.

“मालक, म्या खाते,” सोनाबाई म्हणाली. “तिच्या जागी म्या खाते की.”

“तू खाऊन तिची हौस कशी फिटंल?”

“दोन.”

सात खाल्ली तिनं. मीही मोजत होते. मला कुणी मोज म्हणालं नव्हतं, तरी माझे ओठ हलत होते. सातव्याला ती वाकून ओकली, तेव्हा बापूसाहेब म्हणाले, “आता बास. पोट भरलं वाटतं.” मग त्यांनी तिला फाटकापाशीच उन्हात बसायला सांगितलं, दहाची एसटी जाईपर्यंत. सोनाबाईनं पदर धरायला पुढं केला तर तिला पाट्या भरायला धाडलं.

माझ्याजवळ येऊन त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. “शाब्बास. दगडू, तुझ्यापरीस पोरीचे डोळे धड हायेत.”

मला आनंद झाला. हो, झाला. खोटं कशाला बोलू? मी मनातल्या मनात ट्रंक भरत होते.

घरी जाताना अर्ध्या वाटेत वडील थांबले. मग म्हणाले, “आधी मला सांगितलं असतंस तर?”

“तुम्ही सोडून दिलं असतंत.”

“व्हय,” ते म्हणाले. “सोडून दिलं असतं.”

घरी आल्यावर त्यांनी राखेनं हात धुतले. मग परत धुतले. त्या दिवशी माझ्या हातचं पाणी ते प्यायले नाहीत, आईकडून मागून घेतलं.

द्वारका दोन दिवस शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशी आली. खालचा ओठ सुजून लोंबत होता, तोंडाच्या दोन्ही कोपऱ्यांना आणि हनुवटीवर पाण्यानं भरलेले फोड. एक फुटला होता आणि तिथं माशी बसायची. ती हातानं हाकलायची, परत बसायची. वर्गात आम्ही अकरा जण, नऊ मुलगे आणि आम्ही दोघी. कुणी तिच्याकडं बघेना. माझ्याकडं मात्र सगळे बघत होते. मी मान ताठ ठेवली.

मोकाशी सर आले. पुण्याचे, तिशीतले, कोटाची सगळी बटणं लावणारे. गावात एक खोली घेऊन एकटे राहायचे. त्यांनी हजेरी घेतली नाही. फळ्यावर इंग्रजीत एकच शब्द लिहिला, खाली रेघ ओढली.

“सिकोफंट,” ते म्हणाले. “असा शब्द तुम्ही ऐकला नसेल. परीक्षेत येणार नाही. तरी आज हाच. छबू, पुढे ये.”

टेबलावर शाळेची डिक्शनरी ठेवलेली होती, दोन हातांनी उचलावी लागणारी. मी शब्द शोधला. शोधायला वेळ लागला, कारण माझी बोटं ओली झाली होती. मी वाचत गेले आणि सर एकेक तुकडा मराठीत सांगत गेले. मोठ्या माणसाची मर्जी राखण्यासाठी त्याच्यापुढं लाळ घोटणारा. खुशामतखोर. हुजऱ्या.

मुलं खुसुखुसु हसली. मी पुस्तक मिटायला लागले.

“थांब. पुढे शब्दाचं मूळ दिलं आहे, ते वाच. ग्रीक आहे. सायकॉन म्हणजे काय लिहिलंय?”

“फिग.”

“फिग म्हणजे काय रे?”

“अंजीर!” सगळी मुलं एकदम म्हणाली. अंजिराच्याच गावातली ती, त्यांना मजा वाटली.

“आणि फायनेन म्हणजे दाखवणं. मग सिकोफंट म्हणजे? छबू, तू सांग.”

मला कळलं होतं. मी त्याच ओळीवर बोट ठेवून उभी राहिले.

“सांग.”

“अंजीर दाखवणारा.”

“दाखवणारी,” सर म्हणाले. आता कुणी हसलं नाही. सर सावकाश वर्गातून फिरू लागले. “अथेन्स नावाचं शहर होतं. तिथून म्हणे अंजिरं बाहेर न्यायला बंदी होती. एखादा गरीब माणूस चोरून नेऊ लागला की कुणीतरी त्याच्याकडे बोट दाखवायचं आणि धन्याकडून शाबासकी घ्यायची. तो हा सिकोफंट. आधी नुसता चुगलखोर, मग हळूहळू लाळघोट्या. विद्वानांचं या गोष्टीवर एकमत नाही, असंही पुढे लिहिलं आहे.” ते माझ्यापाशी येऊन थांबले. “पण वाघदऱ्यात एकमत व्हायला हरकत नाही.”

मग मात्र मुलं खिदळली. बाकं वाजवली.

“वाक्यात उपयोग कर,” सर म्हणाले. “सुरुवात मी करून देतो. आय ॲम...”

मी दाराकडं पाहिलं.

“मॅट्रिकची विद्यार्थिनी आहेस. एवढं वाक्य येत नाही? शिफारस काय म्हणून करायची तुझी?”

“आय ॲम अ सिकोफंट,” मी म्हणाले.

“मागच्यांना ऐकू आलं नाही.”

मी परत म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणाले तेव्हा रडत होते आणि नाक गळून डिक्शनरीच्या पानावर पडत होतं. सरांनी रुमाल काढला. तो त्यांनी पानावर फिरवला, पुस्तक खराब होऊ नये म्हणून. माझं पुणं संपलं, एवढंच मला त्या क्षणी कळत होतं. बिजवर आणि वैशाख.

तेवढ्यात द्वारकानं हात वर केला.

“सर, एक विचारू?” ओठांमुळं तिचं बोलणं बोबडं येत होतं.

“विचार ना.” सरांचा आवाज एकदम मऊ झाला.

“अंजीर दाखवणाऱ्याला शब्द हाय. खाणाऱ्याला काय म्हणत्यात, इंग्रजीत?”

“खाणाऱ्याला द्वारकी म्हणत्यात!” मागून एक मुलगा ओरडला आणि हशा झाला.

ती हशा संपेपर्यंत थांबली. “मी न्हाई खाल्ली. पिकलेलं अंजीर अजून माझ्या तोंडात गेलं न्हाई. हिरवी सात खाल्ली, तेवढीच. मी रोज तीन न्हेत होते. ती कोण खायचं ते मला ठावं हाय, आणि छबूला ठावं हाय. तिनं बघितलंय.” मग ती माझ्याकडं वळली. “छबू, तू खरं सांगतीस ना? मग हेबी सांग की.”

सगळे परत माझ्याकडं बघू लागले.

हो, मी बघितलं होतं. पंधरवड्यापूर्वी सकाळी मी सरांच्या खोलीवर वही द्यायला गेले होते. खिडकी उघडी होती. टेबलावर अंजिराचं पान पसरलेलं होतं आणि सर देठ खुडून एक अंजीर तोंडात टाकत होते. “गुरुदक्षिणा वेळेवर येते हं तुझी,” ते द्वारकाला म्हणाले आणि हात पुसून तिचा निबंध पुढ्यात ओढला. अर्धा तास त्यांनी तिला शिकवलं. एकटीला. मी खिडकीखाली बसून सगळं ऐकलं. मला अंजिरांचं काही वाटलं नाही. तो अर्धा तास मला सहन झाला नाही.

आणि फाटकापाशी मी तोंड उघडलं तेव्हा हेही मला पक्कं ठाऊक होतं की द्वारका सरांचं नाव घेणार नाही. पत्र त्यांच्या हातात होतं. ती काहीही खाईल, पण नाव घेणार नाही, हा हिशेब मी दोन रात्री जागून केला होता. तिचीही तीच समजूत असणार, की तोंड मिटून सोसलं तर सर पत्रात तिचं नाव लिहितील. सरांनी काय केलं? तीन दिवसांत तिच्या घराकडं फिरकले नाहीत. आणि आज माझ्यावर शब्दांचा आसूड ओढून स्वतः स्वच्छ होऊन बसले.

सरांनी खडू खाली ठेवला. चेहरा पांढराफटक पडला होता. बापूसाहेबच शाळेच्या कमिटीचे अध्यक्ष होते. ही गोष्ट त्यांच्या कानावर गेली असती, तर सरांना दुसऱ्या दिवशी ट्रंक घेऊन एसटीच्या थांब्यावर उभं राहावं लागलं असतं.

“छबू,” ते म्हणाले. आत्तापर्यंतचा तो आवाज कुठल्या कुठं गेला होता. “तू काही पाहिलं आहेस का?”

त्यांच्या डोळ्यांत मी काय बघितलं सांगू? विनवणी. माझ्याकडं, मुकादमाच्या पोरीकडं, कोटवाला माणूस विनवणी करत होता. एका क्षणात सगळं उलटं झालं होतं. हो म्हणाले, तर द्वारकाच्या तोंडावरची चोरी पुसली जाईल, सर जातील आणि पत्र लिहायला कुणी उरणार नाही. नाही म्हणाले, तर पत्र माझं. मघाशी त्यांनी मला फळ्यापाशी उभी करून सोललं तेव्हा ते माझं नव्हतं, आता होतं. मला गणित कधी इतक्या भरभर सुटलं नव्हतं.

“नाही सर,” मी म्हणाले. “मी काही पाहिलं नाही.”

द्वारका माझ्याकडं बघत राहिली. मला वाटलं शिव्या देईल, झिंज्या धरेल. मी तयार होते. ती फक्त म्हणाली, “बरं.” वह्या दप्तरात घातल्या, तोंडावरची माशी हाकलली आणि वर्गाबाहेर गेली. सरांनी तिला थांबवलं नाही. दार लोटून घेतलं आणि फळ्यावरचा शब्द पुसला. मग म्हणाले, “पान ब्याऐंशी काढा.”

ती परीक्षेला बसली नाही. बापूसाहेबांनी तिला कामावरून काढलं नाही, हात चलाख होते तिचे. पुढं तिला गावातलाच नवरा केला. मी लेक्चरर होऊन सुट्टीला गावी जायचे, तेव्हाही ती त्याच बागेत बोटांना चिंध्या गुंडाळून तोडणीला असायची. तोंडाच्या दोन्ही कोपऱ्यांना काळे डाग राहिले ते राहिलेच. समोर आले की म्हणायची, “कधी आलीस गं?” बास, एवढंच. या एवढ्याशा बोलण्यापायी मी गावी जाणं हळूहळू सोडलं. शरम वाटायची, भयंकर शरम. पण त्या शरमेनं कुणाचं काय भलं झालं? तिला ना पुणं मिळालं, ना माझ्या तोंडून एकदा खरं ऐकायला मिळालं.

त्या दिवशी संध्याकाळी सरांनी मला खोलीवर बोलावलं. पत्र लिहून तयार होतं. बापूसाहेबांना इंग्रजी येत नसल्यानं मराठीतच लिहिलं होतं, वळणदार अक्षरात. मला उभ्यानं वाचायला दिलं. “कु. छबू दगडू कुदळे ही अत्यंत सत्यप्रिय व निर्भीड विद्यार्थिनी असून...” पुढचं मी वाचलं नाही. घडी घालून पोलक्यात ठेवलं.

“सही उद्याच घे,” सर म्हणाले. मग खिडकीकडं तोंड करून, कोटाचं बटण चाचपत, “आणि... तुझे वडील बागेतच असतात, नाही का? तुला अवघड जाणार नाही.”

काय अवघड जाणार नाही, हे मी विचारलं नाही. परीक्षा होईपर्यंत रोज तीन नेली. निवडून, चांगली पिकलेली.